टाकीवरचं नाक

कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत. ती समोर नसली की नाकवाल्या ताई. त्यात चेष्टा होती, पण मान जास्त होता.

तो प्लायवूडचा कारखाना. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून तिथे फळ्या करत. चिकटवायच्या ग्लूची भांडी, रोलर, जमीन असं सगळं धुतलं की जे पाणी निघे, ते कुंपणाजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये येई. त्या पाण्यात फिनॉल असे. दवाखान्याच्या व्हरांड्यात पाऊल टाकल्याबरोबर जो वास नाकात घुसतो ना, तसा त्याचा वास. तसंच बाहेर सोडलं तर झाडाचं, माशाचं, माणसाचं, कुणाचंच त्यात भलं नाही. म्हणून ती शेड, आणि शेडमध्ये ताई.

ती लागली होती झाडूवाली म्हणून. पण नाक लहानपणापासून तिखट. आई सांगायची, ही पोरगी डब्याचं झाकण न काढता आत काय आहे ते ओळखते. लग्न करून आली तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात हात जोडले होते, "बाई गं, तुझ्यापुढे दूध नासलं तरी लपवायची सोय नाही!" शेडमध्ये झाडताना ताई सहज बोलून जायची, आज पाणी जड आहे, आज उग्र आहे, आज बरं आहे. मॅडमनी एकदा ते ऐकलं आणि तिच्या हातातला झाडू काढून दुसऱ्याला दिला.

मॅडम म्हणजे विद्यापीठातल्या संशोधक. वयाने ताईच्या मुलीएवढ्या, बोलणं भरभर, ओढणी कायम कुठे ना कुठे अडकलेली. त्यांचं सगळं काम जंतूंचं.

"मावशी, घाण आपण काढायची नाही. ती खाणारे पोसायचे," असं त्यांनी ताईला पहिल्याच दिवशी सांगितलं.

शेडमधल्या टाकीत प्लास्टिकच्या चक्र्या सोडलेल्या होत्या, लहान मुलीच्या बांगडीत जाळी बसवावी तशा. खालून ब्लोअर हवा फुंकायचा आणि त्या सारख्या पाण्यात घुसळत राहायच्या. त्यांच्यावर जंतूंचा थर चढायचा. मॅडम त्याला बायोफिल्म म्हणत, बाकी सगळे नुसतं थर. पण वाटेल त्या जंतूंचा हा थर नव्हता. कुणाचं कुणाशी पटतं, कुणाचं उरलेलं कुणाला चालतं, हे प्रयोगशाळेत तपासून मॅडमनी चार जाती निवडल्या होत्या. त्या ठरल्या क्रमाने टाकीत सोडून त्यांचं एक कुटुंब बसवलं होतं.

"पहिली जात चिकट," मॅडमनी बोटांवर मोजत सांगितलं. "ती चक्रीला धरून बसते आणि बाकीच्यांना धरून ठेवते. दुसरी फिनॉल खाते. तिसरी दुसरीने टाकलेलं खाते, नाहीतर दुसरी स्वतःच्याच घाणीत मरेल."

"आणि चौथी?"

"चौथी बाकीच्यांना लागणारी बारीकसारीक सत्त्वं तयार करते. ती नसली तर दुसरी जेवतच नाही."

ताईने पदराने हात पुसले. "म्हणजे चार जावा एका घरात. एक घर धरून बसलेली, एक राबणारी, एक उष्टं काढणारी आणि एक मीठ-तिखट बघणारी. मॅडम, चार जावा भांडल्याशिवाय राहतात होय?"

"तेच तर माझं काम आहे, मावशी. त्या भांडणार नाहीत असं घर बांधायचं. एकीने जरी जास्त हातपाय पसरले, तर घर बसलं समजा."

हे ताईला पटलं. घर बसताना तिने पाहिलेलं होतं.

त्या दिवसापासून टाकी तिची झाली. पाण्याची बाटली दर आठवड्याला प्रयोगशाळेत जायची, पण उत्तर यायला वेळ लागायचा. तोवर नाक. सकाळी आली की ती आधी हात जोडायची, मग एक चक्री तळहातावर घेऊन वास घ्यायची. थर धड असला की ओल्या मातीच्या कुंडीसारखा वास येई. आतून कुजायला लागला की सडक्या अंड्यासारखा. मग ती बाहेर पडणाऱ्या नळीखाली पेला धरायची. त्यात दवाखाना नसला तरच ती कुंपणापलीकडे जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह उघडायची.

कुंपणापलीकडे तिच्या धाकट्या भावाची रोपवाटिका होती.

हा भाऊ तिने कडेवर वाढवलेला. आईवडील गेले तेव्हा तो शाळेत जायचा आणि ताईच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. त्याला ती सासरी घेऊन आली, आणि त्यावरून काय काय ऐकून घेतलं ते तिचं तिला ठाऊक. पुढे तो रोपांच्या धंद्यात पडला. जमीन मिळाली, पण पाणी कमी. तेव्हा ताईनेच कारखान्याच्या साहेबांकडे शब्द टाकला, की साफ झालेलं पाणी गटारात सोडण्यापेक्षा माझ्या भावाला द्या. मित्रांनी त्याला वेड्यात काढलं. ग्लूच्या पाण्यावर रोपं? तो म्हणायचा, "त्या व्हॉल्व्हवर माझ्या ताईचं नाक आहे. मला कागद नको आणि मीटर नको."

आणि खरंच, बरीच वर्षं त्याला काही लागलं नाही. त्याची रोपं अशी तरारलेली असत की रस्त्याने जाणारा माणूस सायकल थांबवून बघे.

मग ताईला ताप आला.

ताप साधाच होता, अंगदुखीचा. उतरला, आणि ताई उठून कामाला लागली. सकाळी देवापुढे उदबत्ती लावली. वास आला नाही. तिला वाटलं, पुडा जुना झाला असेल. दुसरा फोडला, तरी नाही. तिने उदबत्ती जवळ धरली, आणखी जवळ धरली, इतकी की धूर डोळ्यांत गेला आणि पाणी आलं. वास मात्र नाही. ती तशीच देवापुढे बसून राहिली. आपण देवाला वाहतो ते आपल्यालाच कळेना, हे तिला फार चमत्कारिक वाटलं.

डॉक्टर म्हणाले, तापानंतर असं होतं कधी कधी. काहींचा वास परत येतो, काहींचा येत नाही. वाट बघा.

घरात तिचे मिस्टर. छापखान्यातून निवृत्त झालेले, आणि यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे ठार बहिरे. त्यांना काही सांगायचं तर शेजारच्या दोन घरांना आधी कळायचं. ताईला तर ही गोष्ट भिंतीलाही कळू द्यायची नव्हती. तिने त्यांच्या समोर बसून नाक चिमटीत धरलं आणि दुसरा हात नाही नाही असा हलवला.

मिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने उठून आंघोळीला गेले.

ताई हसली. हसता हसता तिला रडू फुटलं.

त्यांना कळायचं ते पुढे कळलंच. आंबलेली भाजी पुढ्यात आली तेव्हा त्यांनी एक घास घेऊन ताट सरकवलं. "अगं, हिचा वास खोलीभर आहे. तुला आला नाही?" ताई मान खाली घालून बसली. मिस्टर बहिरे असले तरी आंधळे नव्हते. मग त्यांनी आवाज शक्य तेवढा खाली आणून विचारलं, "तुझ्या भावाला सांगितलंस?"

खाली आणलेला तो आवाजही गल्लीत गेला असता. ताईने घाईने त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

तिने कुणालाच सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे तिला कुणी विचारलं असतं तर नोकरीचं कारण तिने पुढे केलं असतं. ते खोटं नव्हतं. नाकाशिवाय ती पुन्हा झाडूवालीच. पण खरं कारण कुंपणापलीकडे होतं. भावाने सगळ्या जगाला छाती फुगवून सांगितलेलं, ताईचं नाक आहे. त्याला काय सांगायचं, तेच गेलं म्हणून? आज परत येईल, उद्या येईल, या आशेवर ती रोज देवापुढे हात जोडायची. स्वतःसाठी मागू नये असं तिला वाटायचं. तरी मागायची.

आणि रोज व्हॉल्व्ह उघडायची.

अगदीच डोळे झाकून नव्हे. नाक गेलं तर डोळे आहेत, बोटं आहेत, असं तिने मनाशी ठरवलं. चक्री उचलायची, थर किती चढलाय ते नखाने बघायचं, रंग बघायचा. थर जाड होत चालला होता. तपकिरी, मऊ, मखमलीसारखा. मॅडमनी बजावलेलं होतं, थर नखाच्या जाडीपलीकडे गेला की हवा वाढवा, म्हणजे चक्र्या एकमेकींवर आपटतील आणि जास्तीचा गळून पडेल. नाक होतं तोवर ताईने हे कधी चुकवलं नव्हतं, कारण थर जाड झाला की आतून येणारी कुजकी झाक तिला आधीच कळायची. आता तसं काही कळत नव्हतं. डोळ्यांना दिसत होतं ते भरलेलं घर. चक्रीचं भोकसुद्धा दिसत नाही इतकं भरलेलं. तिला वाटलं, आपल्याला वास येत नाही ना, मग खाणारी तोंडं जास्त असलेली काय वाईट? घाण उलट लवकर संपेल. असं भरलं घर आपल्या हाताने झोडपून काढायचं तिला जिवावर आलं. तिने हवा वाढवली नाही.

तिथेच चुकलं. थर इतका जाड झाला की वरच्यांनी हवा खाऊन टाकली आणि आतल्यांना श्वास उरला नाही. चक्रीला धरून बसलेलेच आतून मेले, कुजले, आणि त्यांच्याबरोबर वरचे सगळे सुटायला लागले. पाण्यावर तपकिरी पापुद्रे तरंगू लागले. ताईने ते पाहिले. साप कात टाकतो तसा जुना थर पडत असेल, असं म्हणून तिने ते जाळीने काढून टाकले. फिनॉल खाणारे त्या पापुद्र्यांबरोबरच चालले होते.

मॅडम असत्या तर त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं. पण त्या लांबच्या एका रंगाच्या कारखान्यात असंच दुसरं कुटुंब बसवायला गेल्या होत्या, आणि बाटल्यांची उत्तरं त्यांच्या मागे प्रयोगशाळेतच पडून होती. फोन यायचा. "मावशी, कशा आहेत आपल्या जावा?"

"भरल्या घरात नांदतायत, मॅडम."

"वास?"

"मातीचा," ताई म्हणायची.

भावजयीने सगळ्यात आधी पाहिलं. भावाची बायको कमी बोलणारी, पण नजर पक्की. वाफ्याच्या कडेच्या रोपांची पानं टोकाला तपकिरी झालेली. ती नवऱ्याला म्हणाली, "पाण्याला वास येतोय. दवाखान्यासारखा."

"फवारणीची बाटली सांडली असेल कुठे."

"बाटली कुलपात आहे. पाण्याला येतोय."

"पाणी ताईकडून येतं," भाऊ म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय संपला.

पण पानं त्याला जुमानेनात. आधी टोकाला होता तो तपकिरी रंग पानांच्या मधोमध आला, मग देठं काळी पडली. कोवळी रोपं आधी माना टाकू लागली. ती सगळी रस्त्याकडेच्या लागवडीसाठी सांगून ठेवलेली होती, वर्षभराची मेहनत. भाऊ वेडापिसा झाला. आधी म्हणाला, माती खराब. मग म्हणाला, खत जास्त पडलं. आणि खत टाकलं होतं बायकोने.

"मी सांगितलं होतं ना चिमूटभर? तुझी चिमूट म्हणजे ओंजळ!"

"मी मोजूनच टाकलंय. आणि वासाचं काय? मी किती दिवस ओरडतेय!"

"नवा शोध लावू नकोस. ताई तिथे उभी आहे."

ताई त्याच दिवशी संध्याकाळी तिकडे गेली. वाफ्यात पाऊल ठेवलं तर काळी पडलेली देठं तिला दिसली. भाऊ उकिडवा बसून एकेक रोप उपटून मुळं बघत होता. भावजय तांब्या घेऊन आली. एरवी ती ताईला ताईच म्हणे. आज म्हणाली, "वन्सं, हे पाइपाचं पाणी. तुम्हीच घ्या वास आणि सांगा ह्यांना. माझ्यावर विश्वास नाही."

ताईने तांब्या हातात घेतला. भाऊ मातीच्या हातांनी उठून उभा राहिला आणि तिच्याकडे बघू लागला. तो लहानपणी शाळेतून आला की असाच बघायचा, ताई काय म्हणते ते. ताईने तांब्या नाकाशी नेला. डोळे मिटले. जिवाच्या आकांताने श्वास ओढला. आत काही नव्हतं. नुसता गारवा.

या घडीला ती सांगू शकली असती. तोंडापर्यंत आलंही होतं. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "बोल ना, ताई."

"बरं आहे पाणी," ताई म्हणाली.

भावाने बायकोकडे पाहिलं. ते बघणं पुरेसं होतं. भावजयीने ताईच्या हातातून तांब्या घेतला आणि स्वतःच्या नाकाशी नेला. मग ताईकडे अशी बघत राहिली, की समोरचं माणूस आपण ओळखतो की नाही याचीच तिला शंका यावी. तिने पाणी वाफ्याबाहेर ओतलं.

"मग माझंच नाक फिरलं असेल," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या रात्री ताई जेवली नाही. सकाळी उठून ती देवापुढे बसली तेव्हा तिला काही मागता येईना.

तरी ती कामावर गेली. चक्री बघितली. ती भुंडी होती, नुसतं प्लास्टिक आणि त्याला चिकटलेला काळा डाग. दुसरी घेतली, तीही तशीच. तिला कळत होतं की हे ठीक नाही. पण व्हॉल्व्ह बंद ठेवायचा तर कारण सांगावं लागणार, आणि काल तर पाणी बरं म्हणून सांगून बसलेली. हातांनी सवयीने चाक फिरवलं.

तेवढ्यात कारखान्यातले नळ आणि यंत्रं बघणारा फिटर आला. तो सुट्टीवर गेला होता, गावाकडची हवा खाऊन परतला होता. शेडच्या दारातच थबकला आणि नाकाला रुमाल लावून म्हणाला, "काय हो ताई, पेशंट कोण आहे आत? आम्हाला वाटलं कारखान्यात आलोय, हा तर दवाखाना निघाला! सुईबिई टोचणार असाल तर आधी सांगा, मी मागच्या दाराने जातो."

तो नेहमीसारखा हसत होता. ताईने उत्तर दिलं नाही तसं त्याचं हसू ओसरलं. "काय झालं? तुम्हाला येत नाहीये का वास? अहो, डोळे चुरचुरतायत."

ताई वळली आणि व्हॉल्व्हकडे धावली. इतकी वर्षं ते चाक एका हाताने फिरवलेलं, आज दोन्ही हातांना वळेना. फिटरने पुढे होऊन ते बंद केलं. ताईने शेडची किल्ली त्याच्या हातात ठेवली, "पाणी मागच्या टाकीत वळव, बाहेर थेंब जाऊ देऊ नकोस," असं सांगितलं, आणि साहेबांना न विचारता फाटकाबाहेर पडली.

फाटकापासून रोपवाटिकेपर्यंतचा रस्ता तसा जवळचा. त्या दिवशी तो कसा पार केला ते तिला पुढे आठवेना.

भाऊ नवी माती कालवत होता. भावजय दूर एका बाकावर पिशव्या भरत होती, त्याच्याकडे पाठ करून. ताई भावाकडे गेली नाही. भावजयीपुढे जाऊन उभी राहिली.

"तू बरोबर होतीस. पाण्यालाच वास आहे."

भावजयीचे हात थांबले. भाऊ फावडं तसंच धरून जवळ आला. "काल तर म्हणालीस बरं आहे?"

"मला वासच येत नाही," ताई म्हणाली. "तापापासून. काहीच येत नाही."

कुंपणापलीकडे करवत चालली होती तिचा आवाज तेवढा येत होता.

"तापापासून," भाऊ म्हणाला. "म्हणजे तेव्हापासून रोज व्हॉल्व्ह..."

"रोज उघडला."

"वास न घेता."

"घेत होते. येत नव्हता."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ताई त्याच्या ओरडण्यासाठीच जीव मुठीत धरून आली होती. तो हळूच म्हणाला, "मला सांगायचंस ना गं. मी आलो असतो सकाळी. वास तर घ्यायचा होता. एवढंच तर काम होतं."

इतक्या दिवसांत हे ताईच्या मनालाही शिवलं नव्हतं, की तिच्या ऐवजी दुसरं कुणी वास घेऊ शकतं.

भाऊ फावडं टाकून वाफ्यात गेला आणि मेलेली रोपं उपटायला लागला. आता मुळं बघत नव्हता. उपटायचा आणि टाकायचा.

भावजय उठली. "वन्सं, रोपं जातात. पुन्हा लावू. पण तुम्ही तांब्या नाकाला लावून, माझ्यासमोर, ह्यांच्यासमोर... मला रात्रभर वाटत होतं मीच वेडी झालेय. मी माझ्या हाताचा, साबणाचा वास घेऊन बघत होते, मला नीट येतो की नाही ते."

"माझं चुकलं," ताई म्हणाली.

"चुकलंच," भावजय म्हणाली. "पाणी बंद केलंत?"

"केलं."

"मग जा आता. मला काम आहे."

दुसऱ्या दिवशी मॅडम धावत आल्या. ताईने फोनवरच सगळं सांगितलं होतं. त्यांनी चक्र्या काचेखाली बघितल्या, पुन्हा बघितल्या, आणि ओढणी खुर्चीत अडकलीये हेही न कळता बसून राहिल्या. चारांतली फक्त चिकट जात कुठे कुठे शिल्लक होती, आणि तिच्यात टाकीत कुठून तरी आलेले भलतेच पाहुणे मिसळले होते. फिनॉल खाणारी जवळजवळ गेली होती.

"मावशी, मी तुम्हाला वास विचारला होता," एवढंच त्या म्हणाल्या.

"खोटं सांगितलं, मॅडम."

मॅडमनी चष्मा पुसला. "चूक माझीही आहे. एका माणसाच्या नाकावर मी सगळं घर टांगलं. प्रयोगशाळेत मी असं कधी केलं नसतं. तिथे प्रत्येक जातीच्या दोन कुप्या ठेवते, एक गेली तर दुसरी असावी म्हणून." मग उठून त्यांनी बाह्या सरसावल्या. "चला. पहिल्यापासून लावू. आधी चिकट."

साहेबांनी ताईला काढलं नाही. नवं मीटर मागवलंय, ते येईपर्यंत राहा, मग बघू, असं म्हणाले. त्या 'मग बघू'चा अर्थ ताईला समजत होता. मॅडमनी विचारलं, की थर बसेपर्यंत रोज सकाळी वास कोण घेणार? फिटर म्हणाला, "माझं नाव काढू नका. माझं नाक तंबाखूने केव्हाच गहाण टाकलंय. काल आला तो सुट्टीचा प्रताप, आता आठ दिवसांत मलाही सगळं अत्तरच वाटेल."

कुणी हसलं नाही, तोही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई शेडचं कुलूप काढत होती तेव्हा मागे चपलांचा आवाज झाला. भावजय होती. डोक्याला रुमाल, हाताला माती, वाफ्यातून सरळ उठून आलेली.

"पेला द्या," ती म्हणाली.

ताई तिच्याकडे बघतच राहिली.

"तुमच्यासाठी आले नाही, वन्सं. ते पाणी माझ्या रोपांना जाणार आहे. वास मी घेणार."

ताईने पेला विसळून नळीखाली धरला आणि तिच्या हातात दिला. भावजयीने वास घेतला. नाक मुरडलं. "दवाखाना," म्हणाली. पेला परत दिला आणि निघून गेली.

मग ती रोज येऊ लागली. ताई पेला भरून ठेवायची, ती वास घ्यायची आणि दवाखाना म्हणून जायची. चक्र्यांवर आधी काहीच नव्हतं, मग हात लावला तर बुळबुळीत लागे इतपत काहीतरी आलं. मॅडमनी दुसरी जात सोडली, मग चौथी, मग तिसरी. या खेपेला थोडा क्रम बदलून. थर वाढला की ताई आता नखाने मोजायची आणि हवा वाढवायची. जास्तीचा थर गळताना दिसला तरी तिचा हात मागे यायचा नाही. भाऊ फाटकापर्यंत यायचा. बायकोला सायकलवरून सोडायचा आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा. आत यायचा नाही. ताई शेडच्या दारातून त्याची पाठ बघायची. त्याचं घरी येणंजाणं बंद होतं. मिस्टर अधूनमधून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "तो आला होता का गं?" ताई मान हलवायची.

एका सकाळी भावजयीने पेला नाकाशी धरला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. खाली घेतला, पुन्हा वर नेला.

"काय?" ताईने विचारलं.

"आज कमी आहे." तिने पुन्हा श्वास ओढला. "कमी आहे, पण आहे."

ताईचा हात व्हॉल्व्हच्या चाकावर होता. तिने तो काढला.

"मग नाही उघडत," ती म्हणाली.

भावजयीने पेल्यातलं पाणी मोरीत ओतलं, पेला विसळून पालथा घातला. जाताना दारात थांबली. "उद्या मला यायला उशीर होईल. मुलाच्या शाळेत जायचंय."

"मी थांबते," ताई म्हणाली.

"थांबा," भावजय म्हणाली, आणि फाटकाकडे गेली. तिथे भाऊ तिला काहीतरी विचारत होता. शेडमधून शब्द ऐकू येत नव्हते. तिने मान आडवी हलवली, तो सायकलवर बसला, ती मागे बसली. ताई ब्लोअरकडे वळली आणि हवा किती आहे ते बघू लागली.